लांबच्या गावची जुनी कॉन्टेसा न पाहता घ्यायची असेल तर



जुन्या गाड्यांचा शौक आपल्या समाजातल्या तरुण मंडळींना लागला आहे, त्यात वाईट काही नाही. पण शाहपुरात बसून मोबाइलवर फोटो पाहायचे, गाडी उभी कोलकात्याला किंवा कोचीला, आणि "दुसरं गिऱ्हाईक येतंय" एवढं ऐकून बयाणा पाठवून मोकळं व्हायचं, हे प्रकार वाढले आहेत. दोन-तीन घरांतून मला याबद्दल विचारणा झाली. एका घरी तर वडिलांची मुदत ठेव मोडायचा बेत होता. नोकरीची बरीच वर्षं कर्जाचे आणि बिलांचे कागद तपासण्यात गेली, म्हणून हा विषय त्याच बाजूने मांडतो. इंजिनाचं काम मिस्त्रीकडेच राहू द्यावं.

विचारणा बहुतेक वेळा कॉन्टेसाची असते. जाहिरातीत तिला "भारताची मसल कार" म्हणतात. मसल कार हा शब्द अमेरिकेचा. १९६४ साली आलेल्या पॉन्टियाक जीटीओसारख्या, मध्यम आकाराच्या अंगात मोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलेल्या गाड्यांसाठी तो रूढ झाला. आपली कॉन्टेसा दिसायला तशी आहे, म्हणजे लांब बॉनेट, रुंद तोंड, मागच्या चाकांना जोर. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेला. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात ती १९८४ पासून २००२ पर्यंत बनवली. सुरुवातीच्या गाड्यांत अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती. एवढ्या मोठ्या अंगाला ते अपुरं पडायचं. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे गाडी नावाला शोभू लागली. डिझेलही निघाली. म्हणून "कॉन्टेसा आहे" एवढ्याने काही कळत नाही. कोणत्या साली बनली आणि इंजिन कोणतं, हा पहिला प्रश्न.

आता न पाहता माल घेण्याविषयी. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. बुऱ्हाणपूरच्या पॉवरलूमचं कापड आणि आपल्या शेतांतली केळी घेणारा दूरचा व्यापारी प्रत्येक वेळी इथे येऊन माल बघत नाही. केळीच्या बाबतीत त्याचा माणूस बागेत किंवा मंडीत घड पाहून घेतो. कापडाच्या बाबतीत जुनी पद्धत अशी होती की, विकणारा माल ट्रान्सपोर्टला टाकायचा आणि बिल्टी आपल्या बँकेत द्यायचा. बँक ती बिल्टी घेणाऱ्याच्या गावच्या शाखेत पाठवायची. तिथे घेणाऱ्याने पैसे भरले की बिल्टी त्याच्या हातात, आणि बिल्टी दाखवली की माल सुटायचा. पैसे आणि माल यांच्यामध्ये एक तिसरा बसलेला असायचा, आणि त्या तिसऱ्याला दोघांपैकी कोणाचीही घाई नसायची. परदेशी व्यापारातल्या पतपत्राचंही तेच. त्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात स्पष्ट लिहिलं आहे की बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा करत नाहीत. म्हणूनच सावध खरेदीदार त्या कागदांत तपासणी करणाऱ्या तिसऱ्या माणसाचा दाखलाही मागतो.

जुनी गाडी लांबून घेताना नेमका हा मधला माणूस गायब असतो. फोटो विकणाऱ्याचे, शब्द विकणाऱ्याचा, खातंही त्याच्याच सांगण्यातलं. तो मधला माणूस आपण उभा करायचा, बाकीचं त्यातून येतं.

कागदांपासून सुरुवात करू. गाडीचा नंबर घेऊन परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर पाहा. नोंदणीची तारीख, इंधन, नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा ही माहिती तिथे दिसते. दंडाचे चलान बाकी आहेत का तेही पाहावं. चोरीच्या वाहनांची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोकडे ऑनलाइन तपासता येते. फार जुन्या, हाताने लिहिलेल्या आरसी बुकांची नोंद काही वेळा पोर्टलवर चढलेलीच नसते. तशी गाडी असेल तर ती नोंद आधी विकणाऱ्याने आपल्या आरटीओत करून घ्यावी. "नंतर होऊन जाईल" हे मान्य करू नये, कारण नंतर हजार-दीड हजार किलोमीटरवर चकरा मारायच्या त्या आपल्याला.

बोजाच्या रकान्याकडे माझं लक्ष सगळ्यात आधी जातं. कॉन्टेसा हा त्या काळी कंपन्यांचा, कारखानदारांचा, साहेब लोकांचा थाट. पुष्कळ गाड्या बँकेच्या कर्जावर घेतलेल्या. कर्ज कधीच फिटलं, पण आरसीवरची नोंद तशीच राहिली, असं सर्रास सापडतं. ती काढायला फॉर्म ३५ वर बँकेची सही आणि ना-हरकत लागते. आता ती बँक तरी कुठे आहे? स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० मध्ये स्टेट बँकेत गेली, देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. सही वारस बँकेची चालते, पण तीस वर्षांपूर्वीचं खातं शोधून देणारा माणूस शाखेत मिळायला हवा. हे काम मूळ कर्जदारच करू शकतो, आपण नाही. बोजा उतरल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नये.

दुसरी अडचण मालकाची. आरसी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक. विकणारा म्हणतो, "माझीच आहे, नावावर केली नाही एवढंच," तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सही कोण करणार हे विचारा. मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्याचा फॉर्म ३१. मालक एखादी बंद पडलेली कंपनी असेल तर, माझं मत विचाराल तर, तो फोटो पाहून आनंद मानावा आणि सोडून द्यावं.

गाडी दुसऱ्या राज्यातली असल्याने तिथल्या आरटीओची एनओसी लागते. तिचा अर्ज फॉर्म २८, आणि तो विकणाऱ्याच्या बाजूनेच व्हायचा. गाडी आपल्याकडे आल्यावर बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे एमपी-६८. शिवाय मध्य प्रदेशचा रोड टॅक्स. तो किती पडेल हे बुऱ्हाणपूरच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं, सौद्यात धरावं. इच्छापूर ओलांडलं की महाराष्ट्र, त्यामुळे आपल्याकडे एमएच-१९ च्या गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरताना दिसतात. पण ती सवय इथे उपयोगाची नाही.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. शेवटची कॉन्टेसासुद्धा २००२ ची, म्हणजे प्रत्येक गाडी या टप्प्याच्या पुढे गेलेली आहे. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० रुपये. मुदत संपलेली गाडी स्वस्त दिसते ती त्याचमुळे. जाहिरातीतल्या "विंटेज" शब्दालाही भुलू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि फारसे बदल न केलेली गाडीच विंटेज. तिला नंबरात "व्हीए" ही अक्षरं मिळतात, नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही. सर्वांत जुन्या कॉन्टेसाला तो मान २०३४ शिवाय मिळणार नाही.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल दोन शब्द. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी निर्बंध आले, म्हणून तिथला जुना माल बाहेरच्या राज्यांत स्वस्तात येतो. गाडी चांगली असू शकते. नोंदणी रद्द झालेली तर नाही ना, आणि एनओसी खरोखर निघते का, एवढं आधी पक्कं करावं.

कागद जमले की मग गाडी. बी.कॉम.ला व्यापारी कायद्यात १९३० चा वस्तुविक्री कायदा शिकलो होतो. त्यातलं कलम १६ सगळ्यांना पाठ असतं, खरेदीदाराने सावध राहावं. त्याच्या आधीचं कलम १५ मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. माल वर्णनावरून विकला तर तो त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, असं ते सांगतं. न पाहता घेतलेली गाडी ही वर्णनावरून घेतलेली गाडी. म्हणून फोनवरचं बोलणं लेखी करून घ्या. साल, इंजिनाचा प्रकार आणि नंबर, चेसिस नंबर, कुठे गंज, कुठे पुट्टी, काय चालत नाही, सगळं एका पानावर आणि खाली सही. "एकदम ओके" हे वर्णन होत नाही. ज्याला लपवायचं असतं तो इथेच टाळाटाळ सुरू करतो, आणि तेवढ्याने आपलं अर्धं काम होतं.

चेसिस नंबरची पेन्सिल छाप मागवा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. इंजिन नंबरही तसाच. कॉन्टेसाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण पेट्रोलच्या गाडीत पुढे कोणी डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर पेट्रोलच राहिलेलं असतं. असा बदल नोंदवलेला नसेल तर गाडी इथल्या आरटीओच्या तपासणीत अडकते आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो.

मग त्या गावात आपला माणूस शोधायचा. मराठी मंडळी कुठे नाहीत? कोलकात्यात, दिल्लीत, बंगळुरूत मराठी मंडळं आहेत, कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी व्याही असतोच. त्याला गाडीतलं कळायला हवंच असं नाही. त्याने तिथला एक मिस्त्री आपल्या खर्चाने घेऊन जायचा. मिस्त्री विकणाऱ्याने सुचवलेला नको. इंजिन थंड असताना चालू करून पाहावं, कारण आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरेच दोष लपवतं. किनाऱ्याजवळच्या गाडीत गंज पायाखालच्या चटईच्या खाली, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात, दारांच्या खालच्या कडांना आणि पुढच्या काचेच्या भोवती शोधावा. साधं लोहचुंबक पातळ फडक्यात धरून पत्र्यावर फिरवलं की जाड पुट्टी कुठे आहे ते कळतं, तिथे ते चिकटत नाही. इंजिनाचे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा दिल्लीच्या मायापुरीत शोधून मिळू शकतात. काचा, दिव्यांची आवरणं आणि क्रोमच्या पट्ट्या मिळवणं जास्त कठीण, तेव्हा त्या शाबूत आहेत का ते आधी पाहावं. मिस्त्रीला दिलेले दोन-तीन हजार जड वाटतात, पण चार लाखांच्या सौद्यात ती रक्कम काहीच नाही.

पैशांबाबत मी जरा कडक आहे. पैसे आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जावेत, मेहुण्याच्या किंवा मित्राच्या नाही. अनेकांना ठाऊक नसतं की एनईएफटी, आरटीजीएसमध्ये रक्कम खातेक्रमांकावर जमा होते, आपण लिहिलेलं नाव जुळवलं जातंच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेमुळे २०२५ पासून बँकांनी पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय दिली आहे, ती वापरा. बयाणा थोडाच, तोही तपासणीनंतर आणि पावतीवर. मोठी रक्कम डिमांड ड्राफ्टने, सही केलेले फॉर्म, मूळ आरसी, एनओसी आणि किल्ल्या आपल्या माणसाच्या हातात पडतील त्याच वेळी. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने चालत नाही, त्यामुळे "थोडे कॅश द्या" म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

फौजी असल्याची बतावणी करून, "बदली झाली, गाडी स्वस्तात देतोय" म्हणणारे ठग बरेच झाले आहेत. ते गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतात. पैसे मिळवण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नये. त्याच क्षणी १९३० वर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावं. पहिल्या तास-दोन तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फारच कमी.

अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलांपैकी कोणी तिथे दुसऱ्या राज्यातून जुनी मस्टँग घेतली, तर त्यांना पैशांसाठी एस्क्रोची सोय आणि स्वतंत्र तपासणी करून देणारे लोक सहज मिळतात. आपल्याकडे मामा-मावश्यांच्या ओळखीवर ते काम भागवायचं.

गाडी चालवत आणण्याची हौस आवरा. जुने टायर, जुने ब्रेक आणि अनोळखी रस्ता, त्यात विमा नसेल तर विचारायलाच नको. ट्रकवरून आणा, बिल्टीवर चेसिस नंबर लिहून घ्या, वाटेतल्या नुकसानीचा विमा काढा, आणि चढवताना व उतरवताना चारही बाजूंनी फोटो. मोटारसायकल, येझदी किंवा राजदूत, रेल्वे पार्सलने बुऱ्हाणपूर स्टेशनपर्यंत येते. टाकी रिकामी करून, नीट बांधून, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रतींसह.

आपल्यापैकी कोणी गाडी विकणार असेल तर त्यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ठरवलं की, गाडी विकली, ताबा दिला, पुढे ती आणखी दोन-तीन हातांत गेली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. दारातली जुनी अँबेसेडर कोणा लांबच्या शौकिनाने फोटो पाहून घेतली, तर गाडी ट्रकवर चढली म्हणून निश्चिंत होऊ नका. फॉर्म २९ आपल्या आरटीओत दिल्याची पोच घ्या, आणि तिकडच्या आरसीवर नाव बदलल्याची प्रत येईपर्यंत विचारत राहा.

ज्यांच्याकडे असा सौदा चालू आहे त्यांनी आरसीची प्रत आणि पोर्टलचं छापील पान घेऊन रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावं. बोजाचा रकाना मिळून पाहू.