खिशातले ‘पेन’ घराला केवढ्याला पडते?

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपत आली होती. सगळ्या बाया उठायला लागल्या तेव्हा एक ताई मागे थांबल्या आणि पदराआडून एक वस्तू काढून त्यांनी आमच्या हातात दिली. बोटाएवढी लांब, निळी, गुळगुळीत. एका टोकाला चपटे तोंड, दुसऱ्या टोकाला चार्जिंगचे छिद्र. हुंगून पाहिले तर आंब्याच्या गोळीसारखा वास.

“पोराच्या दप्तरात सापडली. तो म्हणतो पेन ड्राइव्ह आहे. सिस्टर, पेन ड्राइव्हला आंब्याचा वास येतो का?”

आम्ही सांगितले, ताई, ही ई-सिगारेट आहे. पोरे याला ‘वेप’ म्हणतात, कोणी ‘पेन’ म्हणते, कोणी ‘पॉड’. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, “केवढ्याची असते हो?” फीसाठी डब्यात ठेवलेल्या पैशांचा हिशेब दोन महिन्यांपासून लागत नव्हता, म्हणून त्यांनी हे विचारले होते.

या वेळचे आरोग्याचे पान त्यांच्या प्रश्नासाठी आहे. वेपने फुप्फुसाचे काय होते हे आपण बोलूच. पण आपल्या घरांत आजार छातीत दिसण्याच्या आधी डब्यात दिसतो. म्हणून आधी पैशाचे बोलू.

आत असते तरी काय?

वेपमध्ये चार गोष्टी असतात. एक बॅटरी, मोबाइलमध्ये असते तशीच लिथियमची. एक बारीक तारेची गुंडाळी, तिला कॉइल म्हणतात. त्या कॉइलभोवती कापूस. आणि कापूस भिजवणारे द्रव, म्हणजे लिक्विड. तोंडाने ओढले की बॅटरी कॉइलला तापवते, कापसातले लिक्विड गरम होते आणि त्याचा धूर दिसतो. खरे तर तो धूर नसून बारीक तुषार असतात. पाण्याची वाफ म्हणून पोरे सांगतात, तीही ती नव्हे. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायने आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. निकोटिन म्हणजे तंबाखूत असते तेच, सवय लावणारे द्रव्य.

प्रकार मुख्यतः दोन. पहिला, वापरून फेकून द्यायचा. दुसरा, भरून भरून वापरायचा. दोन्हींचा खर्च वेगवेगळ्या वाटेने घरात शिरतो.

पहिला प्रकार : संपला की नवा

फेकून द्यायच्या वेपमध्ये लिक्विड संपले की सगळी वस्तूच कचऱ्यात जाते. म्हणजे दर वेळी आपण बॅटरी, तार, डबी, सगळ्याचे पैसे पुन्हा देतो. डबीवर ‘एवढे हजार पफ’ असे छापलेले असते. हे आकडे यंत्राने छोटे छोटे झुरके ओढून मोजलेले असतात. माणूस लांब ओढतो, म्हणून वस्तू छापलेल्या आकड्याच्या आधीच संपते.

हिशेब कसा करायचा ते पाहा. आपल्याकडे वेप चोरून विकला जातो, त्यामुळे त्याला ठरलेला भाव नाही. समोरचे गिऱ्हाईक पाहून भाव सांगितला जातो. म्हणून पुढचे आकडे उदाहरणाचे समजा आणि तुमच्या घरातला आकडा तिथे घाला.

समजा एक वेप १,२०० रुपयांना घेतला आणि तो ८ दिवस चालला. महिन्याला जवळपास ४ लागले, म्हणजे सुमारे ४,५०० रुपये. वर्षाचे ५४,०००. आपल्या गटात एक बाई महिन्याला २०० रुपये बचत टाकते. ४,५०० रुपये म्हणजे तिची २२ महिन्यांहून जास्त बचत. आई जवळपास दोन वर्षांत जे जमवते, ते एका महिन्यात ओढून संपते.

दुसरा प्रकार : एकदाच घ्या म्हणतात, पण

मित्र सांगतात, भरायचा वेप घे, स्वस्त पडतो, एकदाच खर्च. शिलाई मशीन एकदाच घेतले म्हणून धागा, सुई, तेल फुकट मिळते का? इथेही तसेच आहे.

लिक्विडमधला गोडवा कॉइलवर जळून बसतो. कापूस काळा पडतो. मग जळका वास येतो, घसा खवखवतो आणि कॉइल किंवा पूर्ण पॉड बदलावा लागतो. रोज ओढणाऱ्याचे कॉइल साधारण एक-दोन आठवडे टिकते. जितके गोड लिक्विड, तितके ते लवकर जाते. बॅटरीही प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी कमजोर होते. पॉड गळतो. वस्तू पडून फुटते. पुन्हा नवीन.

समजा डबी २,५०० ची. पॉड ४०० चा, महिन्याला दोन, म्हणजे ८००. लिक्विडची ३० मिलिलिटरची बाटली ९०० ची. रोज ३ मिलिलिटर ओढले तर बाटली १० दिवस पुरते, म्हणजे महिन्याला तीन बाटल्या, २,७०० रुपये. सामान आणि लिक्विड मिळून महिन्याचे ३,५००. वर्षाचे ४२,०००. त्यात डबीचे २,५०० आणि सहा महिन्यांनी ती बिघडली तर आणखी २,५००. एकूण ४७,०००. ‘एकदाच’ खर्च झाला तो फक्त डबीचा, आणि तो या सगळ्यात सर्वांत लहान आहे.

आता आमच्या बायांनी लगेच विचारले, मग खर्राच बरा का? त्याचाही हिशेब करू. समजा खर्रा ३० रुपयांचा आणि दिवसाला तीन. रोजचे ९०, महिन्याचे २,७००, वर्षाचे ३२ हजारांच्या वर. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यातले बहुतेक खाणारे होते. बाप खर्रा खातो आणि पोरगा वेप ओढतो अशा घरात दोन्ही आकडे एकाच डब्यातून जातात. आणि बाप तोंडात खर्रा ठेवून पोराला रागावतो तेव्हा पोरगा ऐकत नाही, हेही खरे आहे.

खर्च वाढतच का जातो?

किराणा महिन्याला ठरलेला लागतो. वेपचे तसे नाही. निकोटिनची मेंदूला सवय होते आणि तेवढ्यात भागेनासे होते. त्यात आजकालच्या वेपमध्ये निकोटिनचे क्षार वापरतात. ते घशाला टोचत नाहीत, म्हणून जास्त ताकदीचे निकोटिनही सहज ओढले जाते. बिडीचा पहिला झुरका घेतलेले पोरगे खोकते, डोळ्यांत पाणी येते, निदान ते थांबते. आंब्याच्या वासाच्या तुषारात ही अडचण उरत नाही.

दुसरे असे, की सिगारेट संपते तशी कळते. वेप संपत नाही. झोपताना, उठल्यावर, संडासात, अभ्यास करताना ओढला जातो. किती झाले हे मोजलेच जात नाही. डबीवर ५ टक्के लिहिले असेल तर त्याचा अर्थ एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन. ब्रिटन आणि युरोपात कायद्याने कमाल मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे तिथल्या दुकानात जे विकता येत नाही, ते आपल्या सतरा वर्षांच्या पोराच्या खिशात येते.

बिल नाही, गॅरंटी नाही

भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणे, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळे गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही. पण आपल्या पोरांनी ‘वाहतूक’ आणि ‘वाटप’ हे दोन शब्द नीट वाचावेत. स्वतःच्या वेपचा खर्च निघावा म्हणून कोणी म्हणतो, चार नग मित्रांना दे, तुला एक फुकट. कोणी म्हणतो, एवढे पार्सल तिकडे पोचव. माल ज्याचा आहे तो घरी बसतो आणि सापडते वस्तीतले पोरगे. मग वकील, जामीन, कोर्टाच्या तारखा, बुडालेली मजुरी. हा खर्च आपल्या वरच्या हिशेबात धरलेलाच नाही.

बंदीमुळे खरेदी चोरून होते, म्हणून बिल मिळत नाही. वस्तू दोन दिवसांत बंद पडली तर तक्रार करायला जागा नाही. आत काय भरले आहे हे तपासणारे कोणी नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. २,८०० हून अधिक लोक दवाखान्यात भरती झाले, ६८ मेले. त्यातल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेले, ओळखीपाळखीतून घेतलेले लिक्विड ओढले होते आणि त्यात व्हिटॅमिन ‘ई’चे तेलकट संयुग मिसळलेले आढळले. व्हिटॅमिन खाण्यासाठी असते. फुप्फुसात तेच घातक ठरले.

काही शिकलेली पोरे आम्हाला सांगतात, इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला डॉक्टरच वेप देतात. हे खोटे नाही. तिथे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढ माणसाला, तपासणी झालेला, मर्यादेतला माल सिगारेटच्या बदल्यात सुचवतात. ज्या पोराने कधी सिगारेटला हात लावला नाही, त्याला हा सल्ला लागू होत नाही. आणि आपल्या नाक्यावरचा माल तो माल नाही.

एका खोलीच्या घरातले धोके

आपली घरे लहान. जिथे झोपतो तिथेच चार्जिंग, तिथेच चूल, तिथेच लेकरू रांगते. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

लिक्विड लहान मुलाच्या पोटात गेले तर ते विष आहे. थोडेसेही धोक्याचे. वास गोड असल्याने लेकरू तोंडाला लावते. उलट्या, तोंडाला लाळ, अंग पांढरे पडणे, झटके येऊ शकतात. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. कातडीवर सांडले असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा किंवा थेट सरकारी दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या. लाजेने बाटली लपवली तर डॉक्टरांचा वेळ जातो.

लिथियम बॅटरी चुकीच्या चार्जरने, गादीवर, रात्रभर लावून ठेवली तर पेट घेऊ शकते. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर किंवा नाण्यांबरोबर खिशात ठेवली तरीही.

संपलेला वेप घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका. दाबला गेला की बॅटरी पेटते. कचरा वेचणाऱ्या बाया आपल्याच वस्तीतल्या आहेत, त्यांचे हात भाजतात. तो ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्यावा.

सापडला तर काय करायचे?

आधी मारहाण नको. मार खाल्लेले पोरगे ओढणे सोडत नाही, लपवणे शिकते. त्याला शेजारी बसवा आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब त्याच्याच हाताने करवा. किती दिवस पुरतो, केवढ्याचा, पैसे कुठून आले. उधारी असेल तर तीही विचारा. उधारीमुळेच पोरे माल पोचवायला तयार होतात.

सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे, लक्ष न लागणे हे होणारच. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत कठीण जातात. दोन ते चार आठवड्यांत बरेच ओसरते. या दिवसांत घरच्यांनी त्याच्या चिडण्यावर चिडू नये. ओढावेसे वाटले की थोडे थांबायचे, पाणी प्यायचे, लांब श्वास घ्यायचे, जागेवरून उठून दुसऱ्या कामाला लागायचे. ती ओढ काही मिनिटांत उतरते.

जमत नसेल तर तंबाखू सोडण्याची सरकारी मोफत फोनसेवा आहे : १८००-११-२३५६. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी दंत महाविद्यालयात तंबाखूमुक्तीसाठी सल्ला मिळतो. निकोटिनचे च्युइंगम प्रौढांना उपयोगी पडते, पण अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. खर्रा खाणाऱ्या बापानेही हाच फोन लावावा. दोघांनी एकाच दिवशी सुरुवात केली तर घरात भांडण कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

त्या ताईंचा मुलगा नंतर आमच्याकडे आला. पहिल्यांदा मान खाली घालून बसला. मग त्यानेच हिशेब केला. रविवारी केटरिंगच्या कामावर जाऊन मिळालेले पैसे आणि डब्यातून घेतलेले, दोन्ही मिळून चार महिन्यांचा आकडा त्याने दोनदा तपासला, कारण त्याचा त्याच्यावरच विश्वास बसेना. त्याची सवय अजून पूर्ण सुटलेली नाही. मध्ये एकदा पुन्हा ओढला, तेही त्याने स्वतः येऊन सांगितले. पण आता केटरिंगचे पैसे तो आईच्या हातात देतो आणि डब्यातल्या पैशांची बेरीज दर रविवारी तोच करतो. या महिन्यात फी भरून झाली.

तुमच्या घरी असे काही सापडले तर बैठकीला या. वस्तू आणा, पोराला आणा, आणि जमले तर एक कोरे पान आणि पेन आणा. लिहायचे पेन.