वर्णपटातल्या खाचा

सूर्यप्रकाश खडकावर पडतो तेव्हा सगळाच परत येत नाही. काही तरंगलांबींचा प्रकाश खनिजं गिळतात, आणि माझं काम या न आलेल्या प्रकाशावरच चालतं. परावर्तित प्रकाशाचा आलेख काढला की त्यात खाचा दिसतात. पायरॉक्सीनला दोन, एक आणि दोन मायक्रॉनच्या आसपास. ऑलिव्हीनला एक मायक्रॉनजवळ एकच, पण पसरट. या खाचा पाडतं लोह. स्फटिकात त्याच्याभोवती ऑक्सिजनचे अणू कसे बसलेत, यावर खाचेची जागा ठरते.

1970 साली मॅककॉर्ड, अॅडम्स आणि जॉन्सन यांनी व्हेस्टा या लघुग्रहाचा वर्णपट दुर्बिणीतून घेऊन तो बेसॉल्टसारख्या अशनींशी जुळवला. प्रकाशाच्या एका ठिपक्यावरून त्यांनी तिथला लाव्हा ओळखला! 2011मध्ये डॉन यान तिथे पोचलं आणि ते खरं निघालं. या शास्त्रात मी रमले ती अशा गोष्टींमुळे.

जुळवायला हाताशी दगड मात्र हवा. म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी संगणकापाशी बसू देत नाही. दख्खनचा काळा पाषाण फोडा, खलात कुटा, चाळा, मग दिव्याखाली ठेवा. त्याच दगडाची बारीक पूड जाड पुडीपेक्षा उजळ दिसते, हे स्वतः कुटल्याशिवाय पटत नाही. लोणारला तर न्यायलाच हवं: आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं इतकं सुस्थितीतलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, आणि चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच.

चंद्राची माती फसवी. सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने तिच्या कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म कण असलेला पातळ थर साचतो, ती काळवंडते, खाचा बुजत जातात. म्हणून आम्ही ताजी विवरं शोधतो. तिथे खालचा खडक नुकता उघडा पडलेला असतो.

चांद्रयान-1 वर ब्राउन विद्यापीठाच्या कार्ले पीटर्स यांच्या नेतृत्वाखालचं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ होतं. 2009 साली त्याच्या नोंदींतून तीन मायक्रॉनजवळची खाच जाहीर झाली, म्हणजे हायड्रॉक्सिल किंवा पाणी. कोरड्या समजल्या गेलेल्या चंद्राविषयी ही फार मोठी बातमी होती. पण तिथे चंद्राची स्वतःची उष्णताही परावर्तित प्रकाशात मिसळते, दुपारी सर्वांत जास्त. ती किती वजा करायची, यावर पाण्याचं प्रमाण दिवसभरात बदलतं की नाही, याचं उत्तर अवलंबून राहतं. ते उपकरण तीन मायक्रॉनपाशीच थांबत होतं; चांद्रयान-2 वरचं पाचपर्यंत पाहतं, त्यामुळे उष्णतेचा हिशेब अधिक नीट मांडता येतो. सकाळ-दुपारचे वर्णपट शेजारी ठेवून आम्ही सध्या तेच करतो आहोत.