अंगातील उष्णता आणि थंड पदार्थ

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने, अरुणावती नदीकाठच्या आर्णी परिसरात तोंड येणे, डोळ्यांची आग होणे आणि उन्हाळी लागणे, म्हणजे लघवीला जळजळ होणे, या तक्रारींचे खापर अंगातील उष्णतेवर फोडले जाते. पारंपरिक चिनी वैद्यकातील ‘शांगहुओ’ ही कल्पना याच्याशी मिळतीजुळती असून, तीत तोंडातील फोड, घसादुखी व बद्धकोष्ठ यांवर मूग, काकडी आणि शेवंतीच्या फुलांचा चहा सुचवला जातो. आयुर्वेद अशी लक्षणे पित्तप्रकोपाशी जोडतो आणि ग्रीष्मात मधुर, शीत व द्रव आहार सांगतो.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसार मात्र अशा वेळी शरीराचे तापमान वाढलेलेच असते असे नाही, कारण हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग ते सुमारे ३७ अंशांवर राखतो; तोंड येण्यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा लोहाची कमतरता, तर जळजळीमागे अपुरे पाणी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. एक लिटर घामाचे बाष्पीभवन सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता वाहून नेते, परंतु त्याबरोबर पाणी आणि मीठही शरीराबाहेर जाते. मीठ घातलेले ताक व कैरीचे पन्हे या दोहोंची भरपाई करतात, तर ९० टक्क्यांहून अधिक पाणी असलेले टरबूज मुख्यतः पाणी पुरवते. उष्माघातात मात्र शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन शुद्ध हरपू शकते. तेव्हा घरगुती पेयांवर न विसंबता रुग्णाचे अंग पाण्याने गार करत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे आवश्यक ठरते.