उंबरठ्याच्या आत

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण एरवी माणसांसाठी वापरतो. पण दोन-चार वर्षांचे वाढलेले कुत्रे घरात आणायची गोष्ट निघाली, की ती पुन्हा कुत्र्याच्याच वाट्याला येते. पिल्लू असते तर शिकले असते, हे आता काय शिकणार, घरभर घाण करणार, असे घरातली वडीलधारी मंडळी बजावतात. ‘काऊन बापा, हे कायले आणलं घरात?’ हा प्रश्न अमरावती-अकोल्याकडच्या घरांत अशा वेळी ठरलेला. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र म्हणीत सापडत नाही, आपल्या बदललेल्या घरात सापडते.

वऱ्हाडातल्या जुन्या घरात कुत्र्याला जागा होती, पण ती ओट्यापर्यंत. रात्री ओट्यावर राखण, दुपारी परसात राखेच्या ढिगावर झोप आणि दोन वेळा उरलेली भाकर. दत्ताच्या तसबिरीत देवाच्या पायाशी चार कुत्री असतात, पण खऱ्या कुत्र्याने देवघराकडे फिरकायचे नाही, हा शिरस्ता. सभोवती काळी माती, उकिरडा, बांध. त्यामुळे कुत्र्याने ‘बाहेर’ कुठे जायचे हा प्रश्नच नव्हता. मग वाडे पडले, अमरावतीत कठोरा रस्त्याला आणि अकोल्यात गोरक्षण रस्त्याला इमारती उभ्या राहिल्या. ओटा गेला, परस गेले, दाराबाहेर जिना आला. कुत्रे मात्र उंबरठ्याच्या आत आले, फरशीवर. आता त्याला कुणी सांगायचे, की हा दिवाणखाना आहे आणि ते मैदान?

हा विषय आता केवळ हौसेचा उरलेला नाही. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली. दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी मात्र घेणाऱ्यावर टाकली. हौसेने आणलेले कुत्रे परत सोडून देण्याचे कारण पुष्कळदा चावा नसतो, फरशीवरचे थारोळे असते. आणि महिनाभर घरात राहिलेल्या कुत्र्याला गल्लीतली जुनी जागा पुन्हा मिळतेच असे नाही. तिथे दुसरी कुत्री बसलेली असतात. नसबंदीनंतर कुत्र्याला पकडले त्याच जागी सोडावे, असे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, त्यामागेही कुत्र्याचे त्याच्या इलाख्याशी असलेले हे नाते आहे. तेव्हा एका थारोळ्यापायी जनावर घरचेही राहत नाही आणि गल्लीचेही.

मुळात कुत्रे हे घाणेरडे जनावर नव्हे. कुत्रीची पिल्ले जरा चालू लागली, की बसायची जागा सोडून थोडी दूर जाऊन शी-शू करतात. मोकळे फिरणारे गावठी कुत्रे झोपायच्या जागेपाशी घाण करत नाही. माती, गवत, मुरूम पाहून ते विधी उरकते. म्हणजे स्वच्छता त्याला येते. येत नाही ते एवढेच, की स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंतचा सारा पसारा ‘झोपायची जागा’ या सदरात मोडतो. वर्षानुवर्षे साखळीला बांधलेल्या किंवा पिंजऱ्यात ठेवलेल्या कुत्र्याची गोष्ट याहून अवघड. उभे तिथेच उरकायची त्याच्यावर सक्ती झालेली असते, त्याला अधिक दिवस द्यावे लागतात.

म्हणून पहिल्या दिवशी सारे घर मोकळे करून देऊ नये. एक खोली किंवा खोलीचा एक कोपरा, त्यात गोणपाट, पाण्याचे भांडे आणि डोळ्यांसमोर माणूस. ती जागा कोरडी राहू लागली की दुसरी खोली उघडायची. बाहेर न्यायच्या वेळा ठरलेल्या हव्यात: उठल्याबरोबर, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी. पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच-सहा फेऱ्या होतात, पुढे तीन-चारांवर भागते. जेवणही वेळेवरच, ताटली दिवसभर समोर पडून नको. जे वेळेवर आत जाते, ते वेळेवर बाहेर येते, हा हिशेब माणसाचा तसाच कुत्र्याचाही.

फेरीला नेहमी एकाच जागी न्यावे. तिथला जुना वास त्याला आठवण करून देतो. उरकले, की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. घरी येऊन दिलेला तुकडा जिना चढल्याचे बक्षीस ठरतो. आणि उरकल्याबरोबर लगेच घराकडे ओढू नये, नाहीतर ‘काम झाले की फिरणे संपले’ हे हुशार जनावर ओळखते आणि मुद्दाम वेळ लावते. सोबत जुने वर्तमानपत्र असावे. शेजाऱ्याच्या फाटकासमोरचे आपणच उचलायचे असते आणि वाचून झालेल्या पुरवणीला हेही काम जमते.

घरात चूक झाली तर? नाक घासायची जुनी रीत सोडून द्यावी. तासाभरापूर्वीच्या चुकीशी कुत्रे या शिक्षेचा मेळ घालू शकत नाही. ते एवढेच शिकते, की या माणसासमोर हे करणे धोक्याचे. मग ते सोफ्यामागे लपून करते आणि बाहेर नेले तरी साखळीच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही आहात म्हणून रोखून धरते. ऐन प्रसंगी दिसले तर हलकी टाळी वाजवून बाहेर न्यावे. नंतर दिसले तर मुकाट्याने पुसावे.

पुसण्यातही मेख आहे. फिनेलने वास जातो तो आपल्यापुरता. गंध टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात लाखांत मोजतात, कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या घरात आहेत. अमोनियाचे द्रावण तर त्याला मूत्रासारखेच वाटते. विकर असलेले क्लीनर मिळाले तर उत्तम, कारण ते वासाचे मूळच मोडते. नाहीतर साबणाने धुऊन पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसावे.

प्रत्येक ओली फरशी म्हणजे वाईट सवय नव्हे. दाराच्या चौकटीवर, फ्रिजच्या कोपऱ्यावर तंगडी वर करून चार थेंब टाकणारा नर हद्द आखत असतो. नसबंदीने पुष्कळ नरांत हे कमी होते. तुम्ही मोठ्याने बोलताच अंग चोरून थेंब गाळणारे कुत्रे भ्यालेले असते, त्याला रागावले तर ते वाढते. झोपेत नकळत अंथरूण ओले होणे, सारखे पाणी पिणे, वारंवार थोडी थोडी लघवी, हे दुखणे असू शकते. तिथे शिकवणी नको, डॉक्टर हवा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, सरकारी दवाखाने दोन्ही जिल्ह्यांत आहेत. रेबीजची लस आणि जंताचे औषध हे तर पहिल्याच आठवड्याचे काम.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पारा ४५ अंशांकडे गेला, की डांबरावर पंजे पोळतात आणि कुत्रे पाणीही जास्त पिते. त्यामुळे एक फेरी उजाडताच, एक अंधार पडल्यावर आणि दुपारी गच्चीच्या सावलीत किंवा गॅलरीत मातीने भरलेले पसरट घमेले. पावसाळ्यात काही कुत्री बाहेर पाऊल टाकत नाहीत, तेव्हाही ते उपयोगी पडते. दिवाळीच्या फटाक्यांत शिकलेले कुत्रेही चार दिवस चुकते. ते विसरले असे समजू नये, भ्याले एवढेच.

घर स्वच्छ असावे, हा आग्रह वडीलधाऱ्यांनी सोडायचे कारण नाही. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांचा हा जिल्हा. त्याच बाबांनी मुक्या जनावरांना अभय द्या असेही सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकतात. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, आणि वेळापत्रक पाळावे लागते ते कुत्र्याआधी माणसाला. सकाळी साडेपाचला कोण उठणार आणि रात्रीची फेरी कुणाची, हे कुत्रे आणायच्या आदल्या दिवशी घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे. ते ठरले नाही, तर कुत्रे आणू नये. ठरले, तर त्याच्या शेपटाकडे पाहायची गरज नाही. ते वाकडेच राहील, फरशी मात्र कोरडी राहील.