धानाच्या चुकाऱ्याची मुदत ठेव : व्याजदर कसे पारखावेत?

खरिपाचा धान आधारभूत केंद्रावर मोजून दिला की काही दिवसांनी चुकाऱ्याची रक्कम खात्यावर जमा होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविण्यात आली. त्या भावाने ४० क्विंटल धानाचे ९४,७६० रुपये होतात. दवनीवाडा परिसरात ज्यांच्याकडे उन्हाळी धानाला पाणी नाही, त्यांच्या हाती एवढी रक्कम वर्षातून एकदाच येते. घरखर्चाला थोडे काढून उरलेले ९०,००० रुपये मुदत ठेवीत ठेवावेत, असा विचार बरेच शेतकरी बंधू करतात. विचार योग्य आहे, मात्र बँक निवडताना फलकावरचा सर्वांत मोठा आकडा तेवढा पाहिला जातो आणि नेमकी तेथेच चूक होते.

त्याआधी एक गोष्ट. पीक कर्ज बाकी असेल तर प्रथम ते मुदतीत भरावे. वेळेवर परतफेड केल्यास ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याज सवलत मिळते. ती गमावून ठेव ठेवणे म्हणजे एका बांधीचे पाणी दुसरीत घेताना धुरा फोडण्यासारखे आहे.

पैसा केव्हा लागणार, ते आधी ठरवा

धानाच्या शेतीत खर्चाचे महिने ठरलेले आहेत. जूनमध्ये बियाणे, खत आणि पऱ्हे, तर जुलैत चिखलणी आणि रोवणीची मजुरी. म्हणून डिसेंबरात ठेवलेल्या रकमेतील काही भाग सहा महिन्यांनी हमखास लागतो. समजा, एका बँकेचा दर एक वर्षाला ७ टक्के व सहा महिन्यांना साडेपाच टक्के आहे (हे दर हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत). मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बहुतेक बँका जितके दिवस पैसा राहिला तितक्याच मुदतीचा दर लावतात आणि त्यातूनही दंड म्हणून साधारण १ टक्का कमी करतात.

आता संपूर्ण ९०,००० ची एकच पावती वर्षासाठी केली आणि जूनमध्ये ५०,००० रुपयांसाठी ती मोडावी लागली, तर साडेचार टक्क्यांनी सहा महिन्यांचे २,०२५ रुपये मिळतील. उरलेले ४०,००० पुन्हा सहा महिने ठेवल्यास आणखी १,१०० रुपये. एकूण ३,१२५ रुपये झाले. याउलट पहिल्याच दिवशी ५०,००० ची सहा महिन्यांची आणि ४०,००० ची एक वर्षाची अशा दोन पावत्या केल्या असत्या, तर १,३७५ अधिक २,८७४ मिळून ४,२४९ रुपये मिळाले असते. फरक १,१२४ रुपयांचा. शेजारच्या बँकेचा दर पाव टक्क्याने जास्त असला तर ९०,००० वर वर्षाला सुमारे २२५ रुपयेच जास्त मिळतात. गोंदियाला दोन-तीन खेपा झाल्या की त्यातले बरेचसे प्रवासात जातात. मुदत चुकण्याचे नुकसान दराच्या फरकापेक्षा कितीतरी मोठे असते, ते असे.

टपाल कार्यालयाच्या मुदत ठेवीला केंद्र शासनाची हमी असते. परंतु ती सहा महिने पूर्ण होण्यापूर्वी मोडता येत नाही आणि सहा महिन्यांनंतर पण वर्षाच्या आत मोडल्यास बचत खात्याचाच दर मिळतो. रोवणीचा पैसा तेथे ठेवू नये, मुलीच्या लग्नाचा खुशाल ठेवावा.

दर विचारताना

सर्व बँकांचे दर एकाच दिवशी आणि एकाच मुदतीसाठी विचारावेत. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. त्यामुळे मागील वर्षी पाहुण्याने सांगितलेला दर आज उपयोगाचा नाही. व्याज तिमाही चक्रवाढीने आहे की सरळ, हेही विचारावे. ७ टक्के दराने लाखाला वर्षात सरळ व्याज ७,००० होते, तिमाही चक्रवाढीने ७,१८६. पाच वर्षांच्या ठेवीच्या जाहिरातीत "वार्षिक उत्पन्न ८.३ टक्के" असे छापलेले दिसले तर दचकू नये. ७ टक्क्यांनीच लाखाचे पाच वर्षांत १,४१,४७८ होतात. वाढलेल्या ४१,४७८ ला पाचने भागून तो आकडा काढलेला असतो. घरातील ६० वर्षांवरील व्यक्तीच्या नावे बहुतेक बँका अर्धा टक्का जास्त देतात.

विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या नावाची पावती असल्यास घाबरण्याचे कारण नाही. नवीन ठेवीसाठी मात्र नव्या बँकेचाच दर विचारावा.

जास्त दर देणाऱ्यांविषयी

राष्ट्रीयीकृत, ग्रामीण आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. एका बँकेच्या सर्व शाखांतील आपल्या सर्व ठेवी, मुद्दल व व्याज धरून, ही मर्यादा लागू होते. पतसंस्था आणि गावातील सेवा सहकारी संस्था यांना हा विमा नाही. दीड-दोन टक्के जास्त दर तेथेच दिसतो, तो या जोखमीचा मोबदला आहे. सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण वर्षाचा संपूर्ण चुकारा तेथे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सहकारी बँकही अडचणीत येते. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील सरकारी रोख्यांचा घोटाळा २००२ मध्ये उघडकीस आला आणि त्या खटल्याचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी त्या पैशाच्या ठेवीवरील व्याज करमुक्त नसते. एका बँकेत वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांच्या (ज्येष्ठांसाठी १ लाखाच्या) वर गेल्यास बँक कर कापते. ९०,००० च्या ठेवीला ती भीती नाही.

पावती हाती पडताच त्यावरील दर, मुदतपूर्तीची तारीख आणि वारसाचे नाव तेथेच खिडकीवर वाचून घ्यावे. मुदतपूर्तीची तारीख घरातील पंचांगावर लिहून ठेवावी. मुदत संपल्यावर नूतनीकरण न होता पडून राहिलेल्या रकमेवर बचत खात्याचा दर किंवा पावतीवरील दर, यांतील जो कमी असेल तोच मिळतो.