माळ विकत घेताना

नीरा डावा कालवा ही बारामती-इंदापूरची खरी हद्द. कालवा आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात ऊस, वरच्या अंगाला जिरायत आणि माळ. बागायत सहसा कुणी विकत नाही. त्यामुळे सुट्टीच्या घरासाठी पुण्याहून जागा बघायला येणाऱ्याला एजंट नेतो तो माळावरच. एका मित्रासोबत अशा फेऱ्या मीही केल्या.

जागा दाखवायची वेळ ठरलेली, संध्याकाळी पाचनंतर. ऊन उतरलेलं असतं, गवताला रंग चढलेला असतो, आणि नशीब असेल तर लांबवर चिंकारा उभा दिसतो. ‘हरणं फुकटात,’ एजंट म्हणाला. मग आवाज उतरवून, ‘पूर्वी लोक शिकारीला यायचे इथं.’ येत असतील. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा आणि लांडगा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं म्हणून बंदूक उचलता येत नाही.

सातबारा मात्र सावकाश वाचावा. मित्रानं एकूण क्षेत्र पाहिलं, एक हेक्टर, आणि मनातल्या मनात घरही बांधलं. सोबत आलेल्या निवृत्त तलाठी भाऊसाहेबांचं बोट पोटखराबावर गेलं. ‘चाळीस आर, म्हणजे एक एकर खडक. त्याचाही भाव बागायतीचाच सांगतायत का?’ मग भोगवटादार वर्ग. उजनी धरणानं उठवलेल्या लोकांना मिळालेल्या जमिनी इंदापूर भागात आहेत. अशी जमीन वर्ग 2ची असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. शेवटी इतर हक्क: सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, बहिणींची नावं. ‘बहिणी सह्या देणार आहेत ना?’ भाऊसाहेबांनी विचारलं, आणि एजंटाला नेमका तेव्हाच फोन आला. तो बोलत बोलत बांधापलीकडे गेला.

घेणाराही शेतकरी असावा लागतो, नाहीतर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. मित्राच्या नावावर गावाकडे वडिलोपार्जित तुकडा होता, म्हणून तिथं निभावलं.

भिगवणकडं वेगळा मोह. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरतं, काळी गाळपेर जमीन उघडी पडते, समोर रोहित पक्षी. ही जमीन तुमच्या बांधाला लागूनच असते, पण ती धरणासाठी संपादित झालेली. ‘पाण्यापर्यंत आपलंच’ असं कुणी म्हणालं तर नकाशा मागावा.

माळ रिकामा असतो, हाही शहरी समज. पावसाळ्यात धनगरांची मेंढरं इथंच चरतात, आणि मेंढरांच्या मागावर लांडगा असतो. मित्र मात्र तारेच्या कुंपणाचा भाव विचारत होता. चारी बाजूंनी तार ओढली तर मेंढरं अडतील आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो चिंकाराही अडेल, हे त्याला मेंढपाळानंच सांगितलं. मला ते पटलं, मित्राला अजून नाही.

चिंकारा बघायचीच हौस असेल तर सुप्याजवळ 1997 साली जाहीर झालेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे. त्याला सातबारा लागत नाही. जमीनच हवी असेल तर विसार देण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या, आणि रस्ता नकाशावर आहे की नुसता वहिवाटीचा, हे एजंटाला न विचारता शेजारच्या बांधवाल्याला विचारा.