मोटर हवा कुठून घेते?

अंजनी आणि गिरणेच्या काठच्या एरंडोल तालुक्यात उन्हाळा लागला की विहिरीवरच्या मोटरची तक्रार ठरलेली. दिवाळीत रब्बीला भरभरून पाणी देणारी मोटर मार्चमध्ये पाणी तोडायला लागते. पाइपाच्या तोंडाशी धार फुरफुरते, पाणी पांढुरकं येतं, मध्येच नुसती भकभक होते. ‘मोटर हवा लेस’ हे अहिराणीतलं निदान बांधावरच होतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. गडबड होते ती त्यानंतर. मोटर जुनी झाली असं ठरतं, मग रिवाइंडिंग, नवा इंपेलर, नाहीतर पाचच्या जागी साडेसात एचपी. पण तक्रार मार्चमध्ये आली म्हणून बिघाड मार्चमध्ये झाला असं होत नाही. सक्शन पाइपाच्या सांध्यातली फट बहुधा दिवाळीतही तिथेच असते. तेव्हा पाणी वर होतं, म्हणून ती खपून गेली.

हे असं का, ते पंप पाणी कसं उचलतो यावरून कळतं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण तो फक्त सक्शन पाइपातला दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली बाहेरची हवा ते पाणी वर ढकलते. फ्लॉरेन्सच्या कारागिरांना सुमारे दहा मीटरच्या वर पाणी चढत नाही हे अनुभवाने ठाऊक होतं. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात त्याची नोंद केली आणि पुढच्या काही वर्षांत टॉरिचेल्लीने पारा भरलेल्या नळीने दाखवून दिलं की ही मर्यादा हवेच्या वजनाची आहे. पाइपातलं घर्षण आणि वळणं धरली तर व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. खानदेशातल्या खोल विहिरींत मोटर काठावर न ठेवता आत उतरवून बसवायची पद्धत आहे, ती याचमुळे. आता हिशेब पाहा. पाणी पंपाच्या दोन मीटर खाली असताना पाइपात बाहेरच्यापेक्षा साधारण एक पंचमांश दाब कमी असतो, सहा मीटर खाली गेलं की तीन पंचमांश कमी. त्याच फटीतून आता जास्त हवा शिरते आणि आतला दाब कमी असल्याने ती आत गेल्यावर फुगतेही. दोन्ही मिळून त्याच फटीतली हवा पाइपात दुपटीहून जास्त जागा व्यापते. पाण्यात शेकडा दोन-तीन हवा मिसळली तरी साध्या पंपाचा उपसा घटतो. त्याच्या दोन-तीन पट झाली की पाणी तुटायची वेळ येते.

फट शोधणं अवघड का जातं, याचंही कारण इथेच आहे. लोणावळ्याच्या बाजूला साहसी खेळांच्या मैदानांवर पेंटबॉलच्या बंदुका असतात. त्यांच्या टाकीतली हवा दाबाखाली असते, त्यामुळे रबरी रिंग झिजली की फुसफुस ऐकू येते आणि साबणाचं पाणी लावलं की नेमक्या जागी बुडबुडा फुगतो. मोटरच्या सक्शनला उलटं घडतं. मोटर चालू असताना गळका सांधा कोरडा ठणठणीत दिसतो, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाणी टपकतं ते डिलिव्हरीच्या बाजूला. माणूस पाना घेऊन तिकडेच वळतो आणि तिथली गळती बंद करून समाधान मानतो. तिने थोडं पाणी वाया जात असेल, पण मोटर त्यामुळे हवा घेत नाही.

म्हणून पहिली तपासणी मोटर बंद असताना करावी. पंपात पाणी भरायच्या तोंडातून सक्शन पाइप काठोकाठ भरून तोंड उघडंच ठेवायचं. उभ्या राहिलेल्या पाण्याचा भार आता आतून बाहेर दाबतो, म्हणजे चालू मोटरमध्ये हवा घेणारा सांधा याच वेळी पाणी गाळतो. पातळी अर्ध्या तासात उतरली आणि एखाद्या सांध्यावर ओल आली, तर जागा सापडली: फ्लँजचं चेपलेलं पॅकिंग, निपलचे आटे, बेंडजवळचा तडा. पातळी उतरली पण सगळे सांधे कोरडे राहिले, तर संशय पाइपाच्या तळाच्या फुटवॉल्व्हवर. झडपेखाली खडा किंवा काडी अडकली असेल, नाहीतर वॉशर कडक झाला असेल. पातळी हललीच नाही, तर मोटर चालू करून संशयाच्या सांध्यांना ओला चिखल किंवा ग्रीस थापावं, फिरत्या दांड्यापासून आणि वायरींपासून हात लांब ठेवून. एखाद्या सांध्यावर थापताच धार भरीव झाली, की पुढे शोधायला नको. तरीही फुरफुर राहिली तर विहिरीत डोकवावं. फुटवॉल्व्हवर पाणी थोडंच उरलं असेल तर वर भोवरा पडतो आणि हवा तिथूनच जाते. तिथे पाना चालत नाही, पाइप खाली सोडावा लागतो.

फिरता दांडा पंपात जिथे शिरतो तिथे दोरी भरलेला ग्लँड असतो. त्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे पुष्कळ नुकसान होतं. दोरीच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येणं हा दोष नव्हे. त्या थेंबांनीच दोरी आणि दांडा थंड राहतात. थेंब दिसला की नट आवळणारे पुष्कळ भेटतात. मग दोरी जळते, दांड्याला चर पडते, आणि ग्लँड खरोखरच हवा घ्यायला लागतो.

यावर कोणी म्हणेल, मोटरच मोठी घेतली तर थोडी हवा गेली काय आणि नाही गेली काय? पण त्याच पाइपावर मोठा पंप जास्त पाणी मागतो, घर्षण वाढतं, आतला दाब आणखी पडतो आणि तीच फट आणखी हवा घेते. वीजबिल वाढतं ते निराळंच. दुसरा आक्षेप विजेचा. शेतीची वीज ठरावीक तास, पुष्कळदा रात्री. त्यात तपासण्या कधी करायच्या? वर सांगितलेल्या पहिल्या तपासणीला वीज लागतच नाही, ती दिवसाच्या खोळंब्यात होते. तिसरा आक्षेप जास्त खरा आहे: आता जो तो सबमर्सिबल टाकतो, मग सक्शनचं कौतुक कशाला? सबमर्सिबल पाण्यातच बुडालेली असते, तिला सक्शन पाइप नसतो, हे कबूल. पण शेततळ्यावरून ठिबकला पाणी देणारे पंप, गिरणेचं आवर्तन सुटल्यावर काठावर लागणारी इंजिनं आणि उथळ विहिरींवरचे मोनोब्लॉक अजून काठावरूनच पाणी घेतात. आणि सबमर्सिबलचा चेक वॉल्व्ह गळका असला, तर मोटर थांबताच उभ्या पाइपातलं पाणी विहिरीत परततं आणि त्याची जागा हवा घेते. पुढच्या वेळी सुरू करताना ठिबकच्या नळ्यांतून आधी हवाच धडधडत येते, आणि तिला वाट काढून देणारा एअर वॉल्व्ह फिल्टरजवळ बसवायचा अनेकांचा राहून गेलेला असतो.